कोलोनोस्कोपीनंतर घरी गेलेल्या ज्येष्ठांची चौकशी कोण करणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी एंडोस्कोपी विभागातली निवृत्त परिचारिका. कोलोनोस्कोपीला, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या तपासणीला, माझा विरोध नाही. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची लहान गाठ, वेळेवर काढला तर पुढचा कर्करोग टळू शकतो. माझे म्हणणे आहे ते रुग्ण घरी गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

आतड्याला छिद्र पडण्याचा धोका ढोबळमानाने हजार-दोन हजारांत एकाला. वयाबरोबर तो वाढतो आणि ऐंशीच्या पुढे तातडीची शस्त्रक्रिया झेपेलच असे नाही. पॉलिप काढलेल्या जागेतून रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपावे लागते. प्लीहेला (पोटातल्या डाव्या बाजूच्या अवयवाला) इजा होणे फारच दुर्मीळ, पण तिची कळ कधीकधी डाव्या खांद्यात येते. घरचे म्हणतात, गॅस धरला असेल. ओवा देतात, शेक देतात, आणि आत रक्त साचत राहते.

तपासणीआधी आतडे साफ करायला औषध देतात, त्याने आदल्या रात्री होणारे जुलाबही साधे नसतात. अंगातले पाणी आणि सोडियम उतरते, अंधारात संडासकडे धावताना म्हातारी माणसे पडतात. अशाच सोडियम फॉस्फेटच्या औषधाने मूत्रपिंडाला इजा होते म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली कडक इशारा दिला होता.

हे सगळे संमतीपत्रात असते, नाही असे नाही. पण सही घेतात केव्हा? गाऊन चढवलेला, हाताला सुई लावलेली, चष्मा मुलीच्या पर्समध्ये. “आजोबा, इथे सही करा.” आजोबा करतात.

संध्याकाळी रुग्ण घरी जातो. त्रास झालाच तर जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात भरती होतो आणि तपासणी करणाऱ्या केंद्राला पत्ताही लागत नाही. त्यांच्या वहीत ती केस ‘सुरळीत’ म्हणूनच राहते.

म्हणून विनंती अशी, की संमतीची चर्चा तयारीचे औषध देण्याआधी, चष्मा डोळ्यांवर असताना व्हावी. वाढते पोटदुखणे, ताप, काळी किंवा रक्ताची शौच, खांद्यातली कळ, चक्कर ही लक्षणे ठळक अक्षरांत लिहिलेला कागद आणि रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर सोबत द्यावा. दुसऱ्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी केंद्राने स्वतः फोन करावा. तीस दिवसांतली भरती, कुठेही झालेली असो, मूळ केंद्राच्या नावावर नोंदवावी.

पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांपासून सुरुवात झाली तरी चालेल. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. एक परिचारिका आणि एक फोन पुरतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका