पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नाही

माननीय संपादक,
स. न.

जुन्या लॅपटॉपचा चार्जर जळाला की 'कंपनीचाच घ्या' असा सल्ला हमखास मिळतो. परंतु मॉडेल बंद झाले असेल तर तो सल्ला कोरडाच ठरतो आणि ग्राहक मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन पिन बसते का, एवढेच पाहून चार्जर घेतो.

५.५ मिलिमीटर व्यासाची गोल पिन १९ व्होल्टच्या लॅपटॉप चार्जरलाही असते आणि १२ व्होल्टच्या मॉनिटर अडॅप्टरलाही. म्हणून जुन्या चार्जरवरचे, आणि ते पुसले गेले असल्यास लॅपटॉपच्या तळाचे, लेबल वाचावे. 'आउटपुट'चे व्होल्ट आणि लेबलवरच्या पिनच्या आकृतीतील अधिक-उणे खुणा तंतोतंत जुळायला हव्यात. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअरच्या (६५ वॅट) जागी त्याच व्होल्टचा ४.६२ अँपिअरचा (९० वॅट) चार्जर चालेल, ४५ वॅटचा घेऊ नये. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये पिनच्या मधल्या बारीक काडीतून चार्जरची ओळख पटते. ती पटली नाही तर लॅपटॉप सुरू होतो, पण बॅटरी भरत नाही आणि बोल बिचाऱ्या बॅटरीला लागतो. शक्य असल्यास लॅपटॉप दुकानात नेऊनच खरेदी करावी.

आकडे जुळले तरी सुरक्षिततेचा प्रश्न उरतोच. भिंतीकडून येणारे २३० व्होल्ट आणि लॅपटॉपकडे जाणारी तार यांच्यामध्ये चार्जरच्या आत पुरेसे अंतर व इन्सुलेशन आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. आपल्याकडे अशा अडॅप्टरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवरचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक ब्युरोच्याच 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून उत्पादकाचे नाव जुळते का ते पाहावे. क्रमांक छापणे सोपे असते, म्हणून नुसत्या छाप्यावर विसंबू नये. तसेच मूळ कॉर्ड तीन पिनांची असेल तर तिच्याऐवजी दोन पिनांची लावू नये, कारण त्यामुळे अर्थिंग तुटते.

बिलावर मात्र बहुधा 'चार्जर, १ नग' एवढेच लिहिलेले असते, मग तक्रार कशाच्या आधारे करायची? विक्रेत्याने ब्रँड, व्होल्ट-अँपिअर आणि नोंदणी क्रमांक बिलावर लिहून देणे बंधनकारक करावे, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे