गणवेशाच्या कापडाची फॉर्मल्डिहाइड चाचणी सक्तीची करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये नवे गणवेश अंगावर आले की मानेभोवती, काखेच्या कडेला किंवा मांड्यांच्या आतील बाजूस लाल, खाजरे चट्टे उठलेली मुले दिसू लागतात आणि पालक ते घामोळे समजून पावडर लावत राहतात. पुष्कळदा ते घामोळेच असते. परंतु जिथे कापड घासते नेमके तिथेच पुरळ येत असेल आणि कपडा बदलल्यावर ते ओसरत असेल, तर कापडावरील रसायनांचा, विशेषतः फॉर्मल्डिहाइडचा, विचार व्हायला हवा. ही अ‍ॅलर्जी बहुधा स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी उमटते, त्यामुळे तिचा कपड्याशी असलेला संबंध सहजी ध्यानात येत नाही. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीने त्वचेवर लावून, तो तपासू शकतात.

मी कापड गिरणीच्या फिनिशिंग खात्यात नोकरी केली आहे. सुती आणि टेरिकॉट कापडाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून ते फॉर्मल्डिहाइडपासून बनवलेल्या रेझिनच्या (राळेसारख्या पदार्थाच्या) द्रावणातून काढतात, स्टेंटरवर म्हणजे कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रावर वाळवतात आणि सुमारे १५० अंश सेल्सिअसला त्याचे क्युअरिंग करतात, म्हणजे उष्णतेने रेझिन कापडात पक्के करतात. क्युअरिंग कच्चे राहिले, किंवा पाणी आणि वेळ वाचवण्यासाठी त्यानंतरची धुलाई गाळली, तर मोकळे फॉर्मल्डिहाइड कापडातच राहते. ते पाण्यात विरघळते, म्हणून नवा कपडा धुऊनच घालावा हा सल्ला योग्यच आहे. मात्र ऊब आणि घाम यांमुळे रेझिनमधून ते पुढेही थोडे थोडे सुटत राहते, आणि मुंबईच्या दमट हवेत मुले दिवसभर घामेजलेल्या गणवेशात वावरत असताना सारी जबाबदारी घरच्या धुण्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

जपानने १९७० च्या दशकातच यावर कायदा केला. दोन वर्षांखालील बालकांच्या कपड्यांत फॉर्मल्डिहाइड आढळूच नये, अशी तेथील अट आहे. युरोपीय संघात १ नोव्हेंबर २०२० पासून त्वचेला लागणाऱ्या कपड्यांसाठी किलोमागे ७५ मिलिग्रॅमची मर्यादा लागू झाली. आपले निर्यातदार कमी फॉर्मल्डिहाइडचे रेझिन वापरून आणि कापड नीट धुऊन अशा अटी पाळतात, म्हणजे कौशल्य येथे आहेच. जी काळजी परदेशी ग्राहकासाठी घेतली जाते, ती येथील मुलांसाठीही घेतली गेली पाहिजे. घातक अझो रंगांवर (कापड रंगवण्याच्या एका प्रकारच्या कृत्रिम रंगांवर) केंद्र सरकारने १९९७ मध्ये बंदी आणली, तशीच सक्तीची मर्यादा फॉर्मल्डिहाइडलाही हवी.

तोवर थांबण्याचे कारण नाही. मुंबई महानगरपालिका आपल्या शाळांतील विद्यार्थ्यांना मोफत गणवेश देते; त्या खरेदीच्या निविदेत कापडाच्या प्रत्येक लॉटचा चाचणी अहवाल मागणारी अट घालता येईल. घाटकोपरला बॉम्बे टेक्सटाइल रिसर्च असोसिएशनसारखी कापड तपासणारी संस्था असल्याने नमुने दूर पाठवावे लागणार नाहीत. ज्या खासगी शाळा ठराविक दुकानातूनच गणवेश घ्यायला लावतात, त्यांनी तोच अहवाल पालकांना दाखवावा, आणि पालक-शिक्षक संघांनी तो पुढील वर्षाची कापडखरेदी ठरण्यापूर्वीच मागावा.

आपला,
एक निवृत्त गिरणी कर्मचारी, परळ, मुंबई