जुनी वाट बुजवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लिनक्सवर चालणाऱ्या लहान बोर्डांच्या पिना हाताळण्यासाठी २००८ पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ‘जीपीआयओ सिसएफएस’ ही सोय आहे; ती पिना फाइलींच्या रूपात दाखवते. एका फाइलमध्ये पिनचा क्रमांक लिहायचा, दुसरीत शून्य किंवा एक, की रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जातो. २०१६ मध्ये, ४.८ या आवृत्तीत, तिच्या जागी कॅरेक्टर डिव्हाइस, म्हणजे प्रोग्रॅमने उघडून पिना मागायची एक खास फाइल, आले. पण जुन्या स्क्रिप्ट अजून चालूच आहेत. त्यांच्यासाठी त्याच फाइली फ्यूजच्या (साध्या प्रोग्रॅमला फाइल-व्यवस्था पुरवू देणाऱ्या सोयीच्या) आधारे युजर-स्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरून, दाखवणारी ‘जीपीआयओडी-सिसएफएस-प्रॉक्सी’ आता उपलब्ध आहे, आणि ती वापरून कर्नलमधील जुना कोड काढावा, या मताचा मी आहे.

जुन्या सोयीतील क्रमांक मुळातच बेभरवशाचे होते. नव्या कर्नलमध्ये आपोआप दिले जाणारे क्रमांक ५१२ पासून सुरू होऊ लागले आणि ‘१७’ हा आकडा गृहीत धरणाऱ्या स्क्रिप्ट बंद पडल्या. अशा सोयीचे ओझे ती न वापरणाऱ्यांनीही कायम का वाहावे?

मात्र एक बाब दुर्लक्षिली जाते. जुन्या पद्धतीत स्क्रिप्ट संपली तरी पिन कर्नलच्याच ताब्यात राहते, त्यामुळे तिची स्थिती टिकते. हा दोष म्हणून सांगितला जातो, पण कित्येकांची यंत्रणा नेमकी त्यावरच उभी आहे. प्रॉक्सीत पिन एका डीमनच्या, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती असते. तो कोसळला की पिन सुटते आणि त्यानंतर तिची स्थिती काय राहील याची हमी कर्नल देत नाही. दिवा विझला तर बिघडत नाही. त्या पिनवर पंप असेल तर बिघडते. डीमन पुन्हा सुरू केल्याने मधला तो क्षण भरून निघत नाही, हे दस्तऐवजात ठळकपणे लिहिले पाहिजे. प्रत्येक वाचन-लेखन डीमनमार्फत होत असल्याने वेगही घटतो, पण ज्याला वेग हवा त्याने सिसएफएस केव्हाच सोडायला हवे होते.

गंमत अशी की सिसएफएसमध्ये युजर-स्पेसला नवी डिरेक्टरी करता येत नाही, म्हणून जुन्याच पत्त्यावर प्रॉक्सी सरळ माउंट करायची, म्हणजे तिच्या फाइली तिथे जोडायच्या, तर तिथली रिकामी डिरेक्टरी कर्नललाच ठेवावी लागते. एवढा अवशेष खुशाल राहू द्यावा. लिनक्सच्या वितरणांनी (डेबियनसारख्या तयार संचांनी) मात्र कर्नलमधला जुन्या सोयीचा पर्याय बंद करताना त्याच आवृत्तीत प्रॉक्सी बसवून, बूटच्या सुरुवातीलाच ती चालू होईल अशी व्यवस्था करावी.

आपला,
एक एम्बेडेड प्रोग्रॅमर