तिसरी फेरी, ऐंशी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात आले होते तेव्हा आईचा जुना चष्मा शोधायला कपाटाचा वरचा खण उपसला आणि बाबा, तुमची निळी वही हाती लागली. तुम्ही दोघं आत झोपला होतात. मी तिथेच स्टुलावर बसून पहिल्या पानापासून वाचली, होती तशी परत ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही. परत आल्यापासून तीच डोक्यात आहे. फोनवर विषय काढायचं ठरवते, पण आईच्या गुडघ्यापासून सुरुवात होते आणि बोलणं भलतीकडेच जातं. म्हणून लिहायला बसले.

वहीत सगळं आहे. तारीख, अंतर, ऊन की ढग, वारा कुठून होता आणि रकान्यांत प्रत्येक राउंडचे सेकंद. पहिली नोंद मी अकरा वर्षांची असतानाची, ८०० मीटरची. आकडे सुटे सुटे, कुठे खाडाखोड नाही. सात वर्षांच्या नोंदींमध्ये मी शेरे शोधत होते. छान, कमी पडली, अजून मेहनत हवी, असं काहीतरी असेलच असं वाटलं होतं. एकही नाही. बाप मुलीच्या धावण्याची वही ठेवतो आणि सात वर्षांत तिच्याबद्दल एक मत लिहीत नाही, हे मला आता आई झाल्यावर अशक्य वाटतं.

बाकीचे आई-बाप शेवटच्या रेषेपाशी गर्दी करायचे. तुम्ही मैदानाच्या पलीकडे, १५०० मीटरची शर्यत सुटते तिथे एकटे उभे असायचात. लहानपणी मला त्याचा राग यायचा. सगळ्यांच्या बाबांनी मुलींना रेषेवरच कवेत घेतलेलं असायचं आणि तुम्ही अख्खं मैदान ओलांडून, घाई न करता चालत यायचात. त्या जागेचं कारण मला फार उशिरा कळलं. १५०० म्हणजे ४०० च्या पावणेचार फेऱ्या. ती समोरून सुटते, त्यामुळे तिथे उभ्या माणसाला ४००, ८०० आणि १२०० ची वेळ चोख मिळते. दुसरं म्हणजे त्या बाजूला कोणीच नसतं. टाळ्या नाहीत, नावानं हाका नाहीत, आणि धावणाऱ्याचा धीर नेमका तिथेच सुटतो. तिथे तुम्ही असायचात. मी जवळ आले की फक्त आकडा. 'ऐंशी.' 'ब्याऐंशी.' कोणी किती वाजले विचारलं तर सांगावं, तशा आवाजात.

८०० ची शर्यत मात्र शेवटच्या रेषेवरूनच सुटते, तुमच्यापासून सत्तरेक मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पिस्तुलाचा बार तुमच्या कानावर येईपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग गेलेला. म्हणून तुम्ही बाराची वाट बघायचा नाहीत, धुराची बघायचात. मी लेनमध्ये उभी राहून एकदा तुमच्याकडे पाहिलं होतं, ते अजून दिसतं. मान किंचित पुढे, अंगठा बटणावर, डोळे पिस्तुलाच्या टोकावर. पाचवा भाग म्हणजे किती थोडा, असं मी एकदा म्हटलं तेव्हा तुम्ही उषाची गोष्ट सांगितलीत.

ती मग किती वेळा सांगितलीत! १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळा शर्यत. पी. टी. उषा ५५.४२, तिच्या पुढची रुमानियाची धावपटू ५५.४१. कांस्यपदक गेलं ते एका शतांश सेकंदानं. तुम्ही पाटीवर भागाकार मांडून दाखवायचात. ४०० भागिले ५५.४२, सेकंदाला सव्वासात मीटरच्या आसपास, म्हणजे शतांश सेकंदात सात सेंटिमीटर. मग स्वतःची तर्जनी माझ्यापुढे धरायचात. 'एवढं.' बाबा, पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विद्या रामराजनं बरोब्बर ५५.४२ ची वेळ दिली. राष्ट्रीय विक्रमाशी बरोबरी व्हायला एकोणचाळीस वर्षं लागली. त्या दिवशी तुम्ही मला ऑफिसात फोन केला होतात. मी मीटिंगमध्ये होते, 'हो का, अरे वा' म्हणून ठेवून दिला. तुम्हाला त्या दिवशी दुसऱ्या कोणाला फोन करता आला असता? या गोष्टीतली तर्जनी फक्त मला माहीत होती.

आई, वहीत तुझं नाव कुठेच नाही. पाच वाजता बाबा आणि मी ग्राउंडवर जायचो म्हणजे तू साडेचारला उठलेली असायचीस, हे कोणत्या रकान्यात लिहिणार? चिखलानं भरलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली कोण ठेवायचं, मी कधी विचारलंसुद्धा नाही. बूट सकाळी कोरडे असायचे, एवढंच ठाऊक.

पण मला लिहायचंय ते १९९७ बद्दल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तू माझ्या पाळीचं पेन्सिलीनं बारीक टिंब करायचीस. तीन महिने टिंब पडलं नाही तेव्हा तू आधी सरांना विचारलंस. ते म्हणाले, जोरात प्रॅक्टिस करणाऱ्या मुलींचं असं होतंच, उलट ट्रेनिंग लागू पडतंय याची ती खूण. तुझं समाधान झालं नाही. मला ओढत डॉक्टरांकडे नेलंस. हिमोग्लोबिन निघालं ९.२, जिथे निदान १२ हवं. डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलेलं मी खिडकीबाहेर बघत ऐकत होते. शरीराला खर्चाइतकं मिळालं नाही की ते एकेक काम बंद करतं, पाळी आधी थांबते आणि मग हाडं ठिसूळ होऊ लागतात. घरी येऊन तू माझे स्पाइक्स तुझ्या साड्यांच्या कपाटात ठेवलेस आणि किल्ली कमरेला लावलीस. सहा आठवडे धावायचं नाही.

मी काय म्हणाले होते ते तुला आठवतं का माहीत नाही. मला शब्द न् शब्द आठवतो. 'तुला स्वतःला काही जमलं नाही म्हणून माझं बुडवतेस.' चार दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू ताट वाढून समोर बसायचीस आणि ते रिकामं होईपर्यंत उठायची नाहीस. बस एवढंच. त्याच वर्षी माझ्याबरोबर धावणाऱ्या एकीच्या नडगीच्या हाडाला दोनदा बारीक चीर गेली आणि ती ग्राउंडवर परत आलीच नाही. पुढे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या सगळ्याला मिळून 'रेड-एस' नाव दिलं, खाणं आणि खर्च यांचा मेळ बिघडल्यानं खेळाडूच्या शरीराचं काय काय होतं ते मांडलं. माझ्या लेकीच्या शाळेत मध्यंतरी पालकांना त्याची माहिती दिली. सगळे लिहून घेत होते. मला तुझ्या कमरेची किल्ली दिसत होती. त्या वाक्याबद्दल आई, मला माफ कर. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली, पण मागितली नव्हती.

धाकट्याचंही एक सांगते. परवा तो म्हणाला, 'ताई, त्या स्टेडियमला किती पायऱ्या होत्या सांगू? चौतीस.' रविवारी माझी शर्यत असली की तो त्या पायऱ्यांवर गृहपाठ करायचा. त्याच्या चित्रांच्या प्रदर्शनाला तुमच्यापैकी एकच जण गेला होतात, कारण त्या दिवशी माझी जिल्हा स्पर्धा होती. तो रागानं बोलला नाही, पण मला रात्री झोप आली नाही. तुम्ही त्याच्याशी यावर कधी बोलला असाल तर मला सांगू नका. नसाल बोलला, तर बोला.

आता वहीचं शेवटचं पान.

१९९९. १५०० मीटर. माझं सगळ्यात चांगलं टायमिंग तोवर ५ मिनिटं २.४ सेकंद होतं. पाच मिनिटांच्या आत यायचं म्हणून आपण तिघं तीन वर्षं मागे लागलो होतो. वहीत लिहिलंय: ७९, ८०, ८०. पुढचे दोन रकाने, शेवटचे ३०० आणि एकूण वेळ, मोकळे.

त्या दिवशी मी तुमच्या पुढून तिसऱ्यांदा गेले तेव्हा तुम्ही 'ऐंशी' म्हणालात. १२०० मीटर, ३ मिनिटं ५९ सेकंद. उरले ३००. त्याच चालीनं आणखी साठ सेकंद, म्हणजे ४.५९. मी धावता धावता हिशोब केला, तुम्हीच शिकवला होतात. पाय हलके होते. श्वास लागला होता, पण लागतो तितकाच. पन्नासेक पावलं पुढे गेले आणि ट्रॅकच्या आत वळून, मांडी धरून, गवतावर बसले.

पायाला काही झालं नव्हतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. तुमचा 'ऐंशी' ऐकला आणि मला एकदम दिसलं की आज पाच मिनिटं तुटणार, आणि उद्या सकाळी पाच वाजता आपण तिघं ४.५५ साठी उठणार. मग ४.५० साठी. मला धावणं नको झालं होतं, बाबा. वर्षभर नको झालं होतं. ते सांगायचं कसं, हे कळत नव्हतं. साडेचारला उठणाऱ्या आईला आणि वाऱ्याची दिशा लिहिणाऱ्या बाबांना 'मला आता आवडत नाही' कोणत्या तोंडानं सांगणार? जिंकून थांबता येत नाही असं वाटलं आणि पाय दुखला की कोणी प्रश्न विचारत नाही हे माहीत होतं. अठराव्या वर्षी मला एवढाच रस्ता सुचला.

तुम्ही गवतावरून आलात. टॉवेल दिलात, माझी बॅग खांद्याला लावलीत आणि म्हणालात, 'चल, घरी जाऊ.' आई, तीन रात्री तू त्या धडधाकट पायाला बर्फ लावत बसलीस. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बाबांच्या खोलीतला दिवा लागला. थोडा वेळ तसाच राहिला. मग बटणाचा आवाज आला आणि अंधार झाला. मी जागीच होते. पुढे कोणी ग्राउंडचं नाव काढलं नाही, आणि तुमच्या गप्प राहण्याला मी इतकी वर्षं नाराजी समजत आले.

परवा वही पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. १९९६ मध्ये मी एकदा खरंच पडले होते, तेव्हा तुम्ही उरलेल्या रकान्यांवर पट्टीनं आडवी रेघ मारली आहे. आजारी होते तेव्हाही रेघ. १९९९ च्या पानावर रेघ नाही. मांडी दुखावलेली मुलगी तिसरी फेरी ऐंशीत काढत नाही, हे ज्यानं तो आकडा स्वतः मोजला त्याला कळलं नसेल? बाबा, तुम्हाला तिथेच कळलं होतं ना? तरीही 'चल, घरी जाऊ' एवढंच म्हणालात?

हे सगळं आताच का वर आलं ते सांगते. तुमची नात गेल्या वर्षापासून ८०० मीटर धावते आहे. तिच्या पहिल्या शर्यतीत मी कठड्याला रेलून घसा बसेपर्यंत ओरडले. पहिली फेरी तिनं भन्नाट काढली, दुसरीत अगदी गळाली. रेषेपलीकडे ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती आणि माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला, 'कितवी?' तुम्ही मला सात वर्षांत हे एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही विचारायचात, 'पाणी?' घरी येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, 'आई, तू ओरडलीस ना, की मला माझा श्वास ऐकू येत नाही.'

मी ओरडणं थांबवलंय. पण गप्प उभं राहणं मला अजून जमत नाही. हात आपोआप वर जातात, ओठ हलतात, आणि ती माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत असते. तिला धावायला आवडतं की मला आवडतं म्हणून ती धावते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. रोज रात्री शोधते. तुम्ही माझ्या चेहऱ्यावर कसं शोधत होतात?

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिची शर्यत आहे. शनिवारी संध्याकाळी मी गाडी घेऊन तुम्हा दोघांना न्यायला येते. आई, तुला पायऱ्या चढायला नकोत, खुर्ची खालीच ठेवून घेतली आहे, तू माझ्याजवळ बस आणि माझा हात धरून ठेव. बाबा, तुम्ही पलीकडच्या बाजूला उभे राहाल का? तिला मी काही सांगितलेलं नाही, आजोबा तिथे असतील एवढंच सांगेन. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला लांबचं स्वच्छ दिसतं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा धूर दिसेल. स्टॉपवॉच त्याच खणात वहीच्या मागे आहे, मी पाहिलं. त्याचा सेल गेलाय. नवा मी घेऊन येते.

तुमची,
ताई