सोडून दिलेले प्रश्न

संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला. खोटा नाही तो. २०२५ मध्ये मुली ९४.५८ टक्के उत्तीर्ण झाल्या, मुलगे ८९.५१ टक्के. पण त्याच मुली जेईईला, म्हणजे आयआयटी-इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, बसल्या की काय होतं, ते मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, दहा बाय बाराच्या खोलीत गणित शिकवताना एकवीस वर्षं बघतेय.

दर रविवारी जेईईच्या धर्तीवर सराव पेपर घेते. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक, सोडलं तर शून्य. तपासताना चुका मुलग्यांच्या जास्त, कोरे प्रश्न मुलींचे. गेल्या महिन्यात वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीने पंचवीसपैकी सोळा सोडवले, सोळाही बरोबर. चौसष्ट गुण. तिच्या मागच्या पठ्ठ्याने पंचवीसच्या पंचवीस ठोकले, सात चुकले, तरी पासष्ट! नंतर चहा पिताना ते नऊ प्रश्न मी तिला तोंडी विचारले. सहा आले. ‘‘मग लिहिलं का नाहीस?’’ तर म्हणे, ‘‘खात्री नव्हती, मॅडम.’’

चारपैकी दोन पर्याय बाद करता आले, तर उरलेल्या दोनांत अंदाज मारणं सरासरी दीड गुणाच्या फायद्याचं. डोळे मिटून मारला तरी पाव गुण पदरात. हे फळ्यावर मांडलं की मुली सुबक अक्षरात उतरवून घेतात आणि रविवारी पुन्हा प्रश्न सोडतात.

त्यांना भित्र्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलाचे वडील फी भरताना म्हणतात, ‘‘नाहीच जमलं तर एक वर्ष ड्रॉप घेईल.’’ मुलीचे म्हणतात, ‘‘नाहीच जमलं तर बीएस्सीला टाकू.’’ एकच डाव मिळणार असेल, तर माणूस जपूनच खेळणार ना?

आयआयटीत मुली कमी म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा ठेवल्या, त्या हव्याच होत्या. पण वजा गुणांकडेही कोणीतरी बघावं. चिलीमध्ये प्रवेश परीक्षेतले वजा गुण काढल्यावर प्रश्न सोडण्यातली मुला-मुलींमधली तफावत बरीच कमी झाली, असं संशोधकांना दिसलं. आपल्या राज्याच्या सीईटीतही वजा गुण नाहीत.

तोवर माझ्यापुरता नियम मी बदलला आहे. आता माझ्याकडे सोडलेल्या प्रश्नालाही वजा एक. पालकांचे फोन सुरू झालेत.

– एक गणित शिक्षिका, विक्रोळी (पूर्व), मुंबई