क्योतोतले ब्रह्मदेव

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर म्हटलं, देवळात जाऊन आले, तर आईने लगेच विचारलं, "कोणत्या देवाच्या?" मला धड सांगताच आलं नाही. म्हणून हे पत्र.

क्योतो स्टेशन म्हणजे काच-लोखंडाचा डोंगर. तिथून पंधराएक मिनिटं चाललं की वाहत्या हमरस्त्याला लागूनच तोजी, म्हणजे पूर्वेचं देऊळ. जपानची राजधानी इथे आली ७९४ साली आणि दोनच वर्षांत हे बांधायला घेतलं. पश्चिमेलाही एक जोडदेऊळ होतं, ते उरलं नाही.

आत अंधार. डोळे सरावल्यावर एकवीस मूर्ती दिसायला लागतात. मधे बुद्ध, आणि उजव्या टोकाला ब्रह्मदेव. आई, खरंच ब्रह्मदेव! चार तोंडं, चार हात. चार हंसांनी पाठीवर कमळ तोललंय आणि त्यावर हे बसलेत. इथे त्यांना बोन्तेन म्हणतात. डाव्या टोकाला हत्तीवर इंद्र, एक पाय खाली सोडून, हातात वज्र. दोन्ही मूर्ती लाकडाच्या, ८३९ सालच्या. ज्ञानेश्वरीच्याही साडेचारशे वर्षं आधीच्या! आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ शोधत हिंडावं लागतं, आणि हे इथे बाराशे वर्षं बसून आहेत. फोटो काढू देत नाहीत, नाहीतर पाठवला असता. शेजारी एक आजी हात जोडून पुटपुटत होत्या. शेवटी "सोवाका" आलं. म्हणजे आपलं "स्वाहा"! मी उगाच त्यांच्याकडे बघून हसले, त्याही हसल्या.

बाबा, आता तुमचा विषय. बाहेर पाच मजली लाकडी पॅगोडा आहे, सुमारे ५५ मीटर उंच. जपानात लाकडाचा याहून उंच नाही. आधीचे चार आगीत गेले, हा १६४४ चा. आत मधोमध एक खांब थेट कळसापर्यंत जातो, पण एकही मजला त्याच्यावर टेकलेला नाही. त्यालाच बुद्ध मानतात. गंमत पुढेच आहे. मजल्यांची आडवी लाकडं वाळून आकसली, मजले बसत गेले. उभा खांब मात्र उंचीला आकसेना, तो वर निघायला लागला. शेवटी बुडातून जवळजवळ अर्धा मीटर कापावा लागला म्हणे. मला आपल्या माजघराचं दार आठवलं. दर जूनमध्ये ते फुगतं, अन् तुम्ही रंधा घेऊन बसता.

दर महिन्याच्या २१ तारखेला आवारात बाजार भरतो. तिथे सुताराचं शाईचं जुनं लाकडी भांडं मिळालं. त्यातून भिजलेली दोरी ओढून लाकडावर रेघ मारतात. दोरी कुजलीय, पण चाक मस्त फिरतं. पार्सल केलंय. आईसाठी मुळ्याचं लोणचं घेतलं होतं, पण ते माझ्याच्याने पोचवलं जाणार नाही. निम्मं संपलंय.

तुमची,
सई