तिहेरी उडीची मेख ढांगेत

पॅरिस ऑलिम्पिकमधील महिलांच्या तिहेरी उडीचे वृत्त (५ ऑगस्ट) वाचले. सुवर्णविजेत्या थिया लाफॉन्ड यांच्या १५.०२ मीटरचे श्रेय त्यात 'अखेरच्या झेपे'ला, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातील उडीला, दिले आहे, ते पटत नाही. या प्रकारात ज्या पायाने फळीवरून उड्डाण घेतले त्याच पायावर उतरायचे (आपली लंगडीच म्हणा), मग दुसऱ्या पायावर ढांग आणि शेवटी वाळूत उडी. घात होतो तो ढांगेत. पहिली झेप हावरेपणाने उंच घेतली, की उतरताना गुडघा दबतो, वेग मोडतो, ढांग आखडते; मग उडीसाठी काही उरतच नाही. पाऊल शरीराच्या फार पुढे पडले तरी तेच, जणू ब्रेक लागतो. म्हणून पाऊल सपाट आणि मागे ओढल्यासारखे टेकवावे लागते. रौप्यविजेत्या शनिका रिकेट्स १४.८७ मीटरवर थांबल्या. दोघींत फरक १५ सेंटिमीटर. तेवढे एका आखडलेल्या ढांगेत सहज जातात.

जाता जाता : लाफॉन्ड यांचा देश डॉमिनिका, वृत्तात छापल्याप्रमाणे डॉमिनिकन प्रजासत्ताक नव्हे. डॉमिनिकाचे हे पहिलेच ऑलिम्पिक पदक आहे.

– एक वाचक, नाशिक